राबलेल्या देहाचे ऋण

वार्धक्यात माणसाने व्यायाम करावा काय, हा प्रश्न वरकरणी वैद्यकाचा आहे, आणि वैद्यकाने त्याचे उत्तर केव्हाच देऊन टाकले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार 65 वर्षांवरील स्त्रीपुरुषांनी आठवड्यातून 150 ते 300 मिनिटे मध्यम गतीची हालचाल करावी, किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव करावा. हे जमत नसेल तर जेवढे जमेल तेवढे करावे. काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेले बरे. इतके स्वच्छ उत्तर मिळाल्यावर लेख येथेच संपावयास हवा होता. परंतु ज्याच्या कानावर हे उत्तर गेले आहे असा प्रत्येक वृद्ध उठून चालू लागला आहे, असे काही दिसत नाही. त्याचे कारण निव्वळ आळस आहे असे मानणे आम्हांस अन्यायाचे वाटते. आमच्या मते त्यामागे एक नैतिक प्रश्न आहे. जो देह साठ वर्षे इतरांसाठी राबला त्याच्यासाठी, केवळ त्याच्यासाठी, दिवसातला अर्धा तास मागण्याचा अधिकार वृद्ध माणसाला आहे काय? आणि असल्यास तो अर्धा तास त्याला कोणी काढून द्यावयाचा?

शहरात बसून हा प्रश्न नीट दिसत नाही. तेथे बागा आहेत, बागेत फेऱ्या घालणारी मंडळी आहेत, निवृत्तिवेतन आहे. 1995 साली मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी हास्यक्लब सुरू केला तेव्हा सकाळी सकाळी हात वर करून हसणाऱ्या वृद्धांना पाहून लोकांना प्रथम नवल वाटले. पुढे ते अंगवळणी पडले. म्हणून आम्ही वाचकांस शहरापासून दूर, ब्राह्मणपुरीकडे नेऊ इच्छितो. आपल्यापैकी पुष्कळांनी हे नाव ऐकलेही नसेल. नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातले हे गाव. 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला, तोवर हा सारा टापू धुळ्यात मोडत असे. उत्तरेला सातपुड्याच्या रांगा, दक्षिणेला तापीचे खोरे, थोडे पुढे गेले की मध्य प्रदेशाची हद्द. जमीन काळी आणि कसदार. कापूस, ऊस, केळी, पपई, मिरची ही या तालुक्याची पिके. घराघरांतून गुजरी, अहिराणी, भिल्ली, पावरी अशा बोली चालतात. मराठी शाळेत आणि कचेरीत.

अशा गावात माणूस चालतो तो कामासाठी. शेतावर जाण्यासाठी, रेशनच्या दुकानासाठी, एसटी गाठण्यासाठी, कोणाच्या दारी सुतकाला बसण्यासाठी. रिकाम्या हाताने वेशीपर्यंत जाऊन तसाच परत येणारा सत्तरीचा माणूस येथे प्रश्नचिन्ह होऊन बसतो. काय हरवले? कोणाकडे निघालात? घरात भांडण झाले काय? आणि ती स्त्री असेल तर प्रश्न विचारलेही जात नाहीत. ओट्यावर बसलेली माणसे नुसती पाहतात. ही लाज क्षुल्लक नाही. गुडघेदुखीपेक्षा या लाजेनेच अधिक वृद्धांना घरी बसवले असावे, असा आमचा कयास आहे.

याच टापूतून दरवर्षी विनाकाम चालणारी माणसे मोठ्या संख्येने जातात, ही त्यातली गंमत. सरदार सरोवराच्या जलाशयामुळे नर्मदाकाठची जुनी वाट पुष्कळ ठिकाणी बुडाली, आणि परिक्रमेला निघालेले पायी यात्रेकरू सातपुडा उतरून खेतिया, शहादा, प्रकाशा या मार्गाने जाऊ लागले. त्यांत साठी-सत्तरीचे लोक पुष्कळ असतात. महाराष्ट्रातले तर फारच. खांद्यावर झोळी, हातात काठी. वाटेवरची गावे त्यांना चहा देतात, जेवू घालतात, रात्रीची पथारी देतात. कोणी त्यांना 'कामधंदा नाही काय' असे विचारीत नाही. नदीभोवती हजारो किलोमीटर चालणाऱ्या अनोळखी वृद्धाला हात जोडणारे आपण, आपल्याच घरातील वृद्ध गल्लीच्या टोकापर्यंत चालू लागला की हसतो. आपल्या लोकांचेही तसेच आहे. वांद्र्याच्या मोत मावलीला किंवा नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला एखादी आजी पायी निघाली तर घरचे कौतुकाने निरोप देतात. तीच आजी दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे फिरायला जाईन म्हणाली तर 'आता या वयात कशाला' म्हणतात. यात्रेमागे व्रत असते आणि व्रताला समाजाची मान्यता असते. देहाची काळजी हे व्रत होऊ शकते, हे मात्र आपल्या गळी अजून उतरलेले नाही. संत पौलाच्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात शारीरिक सरावाचा लाभ थोडाच मानला आहे, हे आम्ही विसरलो नाही. पण थोडा म्हणजे शून्य नव्हे.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. ब्राह्मणपुरीचा शेतकरी म्हणेल, 'आयुष्यभर नांगर धरला, बैलगाडी हाकली, पाण्याच्या पाळीला रात्री-बेरात्री शेतावर गेलो. माझा व्यायाम झाला. आता तुमच्या कवायती त्या बसून पगार घेणाऱ्यांना शिकवा.' हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला शास्त्राचा आधारही सापडतो. लंडनच्या दुमजली बसगाड्यांचे चालक आणि वाहक यांची तुलना करून जेरी मॉरिस यांनी 1953 साली दाखवून दिले की, दिवसभर जिने चढउतर करणाऱ्या वाहकांना बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होतो. व्यायाम आणि आरोग्य यांच्या अभ्यासाचा पाया त्या संशोधनाने घातला असे मानतात. (चालक मुळातच अधिक जाड होते, हे गणवेशांच्या मापांवरून पुढे मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच दाखवले, शास्त्रज्ञाचा प्रामाणिकपणा म्हणतात तो हा.)

तरीही श्रम म्हणजे व्यायाम हे समीकरण पुरते खरे नाही. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या कोपनहेगनच्या एका अभ्यासात एक लाखाहून अधिक स्त्रीपुरुषांची पाहणी झाली. फुरसतीत जे अधिक हालचाल करीत होते त्यांना हृदयविकाराचा आणि मृत्यूचा धोका कमी आढळला. कामाच्या ठिकाणी जे अधिक कष्ट करीत होते त्यांना तो जास्त आढळला. शरीर तेच, हालचालही हालचालच, आणि परिणाम उलटे. गरिबी आणि धूम्रपान यांचा त्यात वाटा किती, याबद्दल शास्त्रज्ञांत वाद आहेत. पण जी कारणे मांडली जातात ती शेतात राबलेल्या कोणालाही पटतील. कष्टाचे काम तासन् तास चालते आणि त्यात थांबण्याची मुभा नसते. ओझे किती उचलावयाचे हे शरीर ठरवत नाही, मुकादम किंवा हंगाम ठरवतो. निंदणीला दिवसभर वाकलेली कंबर त्याच एका स्थितीत झिजत राहते. तिला उलट दिशेने ताणावयास कोणी सांगत नाही. व्यायामात विश्रांती अंतर्भूत असते. श्रमात ती उसनी घ्यावी लागते, आणि पुष्कळदा मिळत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की, राबलेल्या देहाला व्यायामाची गरज नाही हा समज उलटा करावयास हवा. त्याच देहाचे देणे सर्वांत अधिक थकलेले आहे. त्याचा आजवर उपयोग झाला. त्याची निगा राखली गेली नाही. बैलाला पोळ्याच्या दिवशी तरी विश्रांती मिळते.

येथे एक सावधगिरी घ्यावयास हवी, नाहीतर आमचे लिखाण निष्ठुर ठरेल. या तालुक्यात जमीनवाल्या शेतकऱ्याप्रमाणेच सालदारही आहे, भूमिहीन भिल्ल मजूर आहे, साठी उलटल्यावरही ऊसतोडीला जाणारी जोडपी आहेत. 1972 साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली ती जमीन, मजुरी आणि माणुसकीची वागणूक या मागण्यांसाठी. ज्या वृद्धाला उद्याच्या भाकरीसाठी आजही कोयता उचलावा लागतो त्याला आठवड्याच्या 150 मिनिटांचा हिशेब सांगणे ही थट्टा होय. त्याचे पहिले देणे विश्रांतीचे आणि निवृत्तिवेतनाचे आहे. ते न देता त्याच्या प्रकृतीची जबाबदारी त्याच्याच गळ्यात घालणाऱ्या उपदेशात आम्हांस सहभागी व्हावयाचे नाही. पुढचा विचार आहे तो ज्यांच्या घरात वृद्धाला बसवून खाऊ घालण्याइतके धान्य आहे आणि जेथे त्याला खरोखर बसवूनच ठेवले जाते, त्यांच्याविषयी.

'आता उशीर झाला' हे दुसरे उत्तर. त्याचा निकाल लवकर लावता येतो. 1990 साली बॉस्टनमध्ये मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातील दहा जणांना पायांनी वजन उचलण्याचा सराव दिला. त्यांची वये 86 ते 96 वर्षे होती. नऊ जणांनी आठ आठवड्यांचा सराव पुरा केला, आणि त्यांच्या पायांचे बळ सरासरी 174 टक्क्यांनी वाढले, म्हणजे पूर्वीच्या पावणेतीनपट झाले. नव्वदीतला स्नायूदेखील हाकेला ओ देतो. ब्राझीलमधील संशोधकांनी 51 ते 80 वर्षे वयाच्या 2,002 जणांना जमिनीवर बसून पुन्हा उठावयास सांगितले आणि हाताचा, गुडघ्याचा आधार किती घ्यावा लागतो हे मोजले. ज्यांना फार आधार लागला त्यांच्यात पुढील काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. मांडी घालून जेवणाऱ्या आपल्या समाजाने ही परीक्षा शतकानुशतके दिवसातून दोनदा दिली. हल्ली घरोघरी खुर्ची आली, आणि मिस्सामध्ये गुडघे टेकल्यावर उठताना पुढच्या बाकाला लागलेला हात आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्या हाताबद्दल लाज वाटण्याचे कारण नाही, पण त्याकडे लक्ष मात्र द्यावे.

आता ज्या युक्तिवादाने वृद्धांना सर्वांत अधिक वेळा व्यायामाला लावले जाते, तो पाहू. 'मुलांवर ओझे होऊ नका.' खुब्याचे हाड मोडले तर शस्त्रक्रिया, खर्च, अंथरुणातली सेवा, सुनेची ओढाताण. त्यापेक्षा रोज चाला. व्यवहार म्हणून यात चूक काही नाही. तोल आणि पायांचे बळ वाढले की पडण्याचा धोका कमी होतो हे सिद्ध झालेले आहे. परंतु नैतिक युक्तिवाद म्हणून तो आम्हांस खोटा आणि काहीसा क्रूर वाटतो. जो व्यायाम करूनही पडला तो काय हरला? जिला संधिवाताने किंवा अर्धांगवायूने खिळवून ठेवले तिने काय अपराध केला? पोप जॉन पॉल दुसरे 58व्या वर्षी पोप झाले तेव्हा त्यांच्याइतका पहाडी माणूस त्या पदावर क्वचितच बसला असेल. डोंगर चढणे, नाव वल्हवणे, बर्फावर घसरत जाणे हे त्यांचे तरुणपणापासूनचे छंद. 1984 साली, वयाच्या 64व्या वर्षी, ते इटलीच्या राष्ट्राध्यक्षांसोबत आदामेल्लोच्या बर्फात स्कीइंग करण्यास गेले होते. तोच देह पुढे कंपवाताने थरथरू लागला. हात स्थिर राहीना, शब्द उमटेना, खुर्चीवरून हलणे कठीण झाले, आणि हे सारे 2 एप्रिल 2005 पर्यंत जगाने डोळ्यांनी पाहिले. त्यांचा व्यायाम वाया गेला असे कोणी म्हणणार नाही. आणि अखेरच्या वर्षांत ते सभेवर ओझे झाले असेही आपण म्हणणार नाही. मग हे माप आपल्या आईवडिलांना का लावावे? माणूस केव्हा ना केव्हा दुसऱ्याच्या हाती जाणारच. ओझे होण्याची भीती दाखवून ज्याला चालते केले, तो ज्या दिवशी चालू शकणार नाही त्या दिवशी स्वतःचा तिरस्कार करू लागेल.

कारण दुसरे हवे, आणि ते साधे आहे. जोवर पाय आहेत तोवर माणूस स्वतःहून कोणाकडे जाऊ शकतो. आजारी शेजाऱ्याच्या दारी, लेकीच्या घरी, शेताच्या बांधावर, प्रार्थनेला. पाय गेले की जग त्याच्याकडे यावयाचे, आणि जग फारसे येत नाही. चालण्याचा सराव म्हणजे आपण होऊन दुसऱ्याकडे जाण्याची ही शक्ती जपणे. ती गेली तर पाप नाही. असताना गंजू देणे मात्र खेदाचे.

सुरुवात करणे त्यामानाने सोपे असते. नवी पादत्राणे येतात, मुलगा काठी आणून देतो, आठ दिवस उत्साह टिकतो. मग लग्नसराई येते, कापूस वेचणी येते, एखादा ताप येतो आणि सारे थांबते. तापाबद्दल थोडे थांबून सांगितले पाहिजे. अमेरिकेत निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर झोपवून ठेवण्याचा एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2007 साली प्रसिद्ध झाले. तेवढ्या दहा दिवसांत त्यांच्या पायांतील स्नायूंचे वजन सुमारे एक किलोने घटले. आपल्या घरांत ताप उतरल्यावर वृद्धाला पंधरा-पंधरा दिवस उठू देत नाहीत. पाणी हातात देतात, ताट खाटेवर आणतात, 'बाबा, तुम्ही पडून राहा' म्हणतात. हे सारे प्रेमापोटी, हे खरे. पण या प्रेमाने अनेक वृद्धांना कायमचे खाटेशी बांधले आहे. डॉक्टरांनी मना केले नसेल तर ताप उतरलेल्या माणसाला हात देऊन ओट्यापर्यंत आणणे ही त्याची अधिक चांगली सेवा होय.

जे दीर्घकाळ चालत राहिले त्यांच्याकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. महर्षी कर्वे 1858 साली जन्मले आणि 104 वर्षे जगून 1962 साली निवर्तले. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवावयाचे आणि पायी हिंगण्याच्या आश्रमात जावयाचे, हा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम होता. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने देणारे विनोबा 18 एप्रिल 1951 रोजी पोचमपल्लीला भूदानाचे पहिले दान मिळाले तेव्हा 55 वर्षांचे होते. त्यानंतर सुमारे तेरा वर्षे ते देशभर पायी फिरले. पहाटेच्या अंधारात मुक्काम हलवायचे. दोघांनीही व्यायाम म्हणून पाऊल उचलले नाही. त्यांना वेळ ठरलेली होती, ठिकाण ठरलेले होते आणि तेथे कोणीतरी वाट पाहत होते. सामान्य माणसालाही ठिकाण हवे, सोबत हवी. इच्छाशक्तीवर फार भिस्त ठेवू नये. तिच्यापेक्षा दाराशी येऊन हाक मारणारा शेजारी अधिक उपयोगी पडतो.

ठिकाण ठरवण्यात स्त्रियांच्या बाबतीत एक धोका आहे. आजी पहाटे बाहेर जाऊ लागली की तिच्या हाती दुधाची किटली येते, येताना शेतातून भाजी आणावयास सांगितले जाते, नातवाला बालवाडीत सोडण्याचे काम जोडले जाते. महिन्याभरात फिरणे पुन्हा काम होऊन बसते. ब्राह्मणपुरी काय किंवा आपली धर्मग्रामे काय, म्हाताऱ्या स्त्रीचा वेळ हा घराच्या मालकीचा समजला जातो. त्यातला अर्धा तास तिला परत द्यावयाचा तर त्या अर्ध्या तासात तान्ह्या नातवाला कोणी घ्यावे, चूल कोणी पेटवावी, हे घरातल्या पुरुषाला आणि मुलाला ठरवावे लागेल. सुनेवर ते ढकलले तर एका स्त्रीचे ऋण दुसरीकडून फेडल्यासारखे होईल. आमच्या मते या विषयातील खरा त्याग वृद्धाने करावयाचा नसून घराने करावयाचा आहे, आणि तो फार मोठाही नाही.

गावाचाही वाटा आहे. उसाच्या हंगामात पहाटेच्या धुक्यात मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावरून जातात. त्या रस्त्यावर वृद्धाला चाला म्हणणे धोक्याचे. हल्ली अनेक ग्रामपंचायती खुल्या व्यायामशाळेची लोखंडी साधने बसवतात. त्यापेक्षा शाळेच्या मैदानाचे फाटक पहाटे तासभर उघडे ठेवले, दोन बाके टाकली आणि एक दिवा लावला तर वृद्धांचे अधिक काम होईल. मैदानावर प्रथम दहा मिनिटे चालावे, पंधरवड्याने पाच मिनिटे वाढवावीत. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतकी गती पुरेशी. छातीत दुखले, चक्कर आली, दम फार लागला तर थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार असणाऱ्यांनी तर आधीच विचारून घ्यावे. खानदेशचा उन्हाळा कडक, तेव्हा मे महिन्यात सूर्य वर येण्याआधी घरी परतलेले बरे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पायाला ओढून धरतो आणि घसरण्याचे भय मोठे असते. तेवढे दिवस ओट्यावरच खुर्चीवरून हात न लावता दहादा उठावे-बसावे, खांबाला बोट टेकून एका पायावर उभे राहावे, पाण्याने भरलेला तांब्या हळूहळू खांद्यापर्यंत उचलावा. वेशीपर्यंतची फेरी दसऱ्यानंतर पुन्हा सुरू करता येते.